परत पाठवलेली पेज

डॉक्टरांच्या दारातून पेजेचा एक डबा मी परत पाठवला, हे दोन वर्षे मी कोणापाशीही बोललो नाही. का पाठवला, हे सांगायचे तर आधी मोकल डॉक्टरांची ओळख करून देणे भाग आहे.

श्रीवर्धनच्या सुपारीवाड्यांमागे त्यांचा दवाखाना. मी तेथला कंपाउंडर. साध्या पडशाच्या रुग्णाला ते दरडावत, "तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही!" आणि हे फर्मान सोडणारे गृहस्थ स्वतः अंगात एकशे दोन ताप घेऊन, मफलर गुंडाळून, खुर्चीत कुडकुडत असत. मी काही बोललो, की ठरलेले उत्तर : "नुसती कसर आहे रे." मुरगळलेला पाय दाखवायला आलेला माणूस येथून खोकला घेऊन जाई, दोन दिवसांनी तो खोकत परतला, की डॉक्टर विचारीत, "हा कुठून आणलास?" इतका शिकलेला माणूस इतका निर्बुद्ध असू शकतो, हे मला तेथल्या नोकरीनेच शिकवले.

मासळी विकणाऱ्या चांगुणाबाई मात्र तोंडावर बोलत. "डाक्टर, उठा बगू. तुमीच झोपा हितं, मी तपासते. ताप हाय का न्हाय?"

"कसर आहे, चांगुणाबाई."

"मग पेज पिलाव का?"

डॉक्टर लाजून हसत. तेही मला ढोंगच वाटे.

एकदा ते खरोखरच अंथरुणाला खिळले. लोक घरी गेले, तर हे उशीवरूनच त्यांना तपासणार, याची मला खात्री. म्हणून मी सर्वांना सांगितले, "कोणी भेटायला यायचं नाही, डॉक्टरांनीच बजावलंय." चांगुणाबाई तरीही पेज घेऊन आल्या. त्यांनाही मी दारातूनच तेच सांगून परतवले. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

पाच दिवसांनी डॉक्टर कामावर आले. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. टेबल पुसता पुसता म्हणाले, "कोणीच विचारलं नाही रे. इथं बसलो की वीस माणसं विचारतात." मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागलो. त्यानंतर त्यांनी एकही दिवस रजा घेतली नाही. चांगुणाबाई औषधाला येत. पण मुकाट्याने हात पुढे करीत.

गेल्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा तापाने फणफणत आले. समोर चांगुणाबाई होत्या. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. मी औषधाची बाटली खाली ठेवली.

"चांगुणाबाई, ती पेज मी परत पाठवली होती. डॉक्टरांना ठाऊकही नव्हतं. डॉक्टर, सगळे विचारत होते. मीच कोणाला येऊ दिलं नाही. तापात कामावर येणं चूकच, ते मी म्हणतच राहीन. पण मी खोटं बोललो. दोघांनी मला माफ करा."