मेंढेसर आणि पळसाची डहाळी

फोन वाजला की मेंढेसर आधी खिडकी लावतात, मग रिसीव्हर उचलतात आणि गप्प उभे राहतात. पहिला शब्द समोरच्यानं बोलायचा, हा त्यांचा नियम. समोरचाही दचकून गप्प राहिला की फोन ठेवतात आणि म्हणतात, "याच्यात काहीतरी झोल हाय."

गणिताचे हे मास्तर अख्ख्या जगाकडे चुकलेल्या उत्तरासारखं पाहतात. गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत ते, कोवेसर आणि मी एकत्र होतो. दर शनिवारी तिघं तीन मोटारसायकलींवर मूल गावी घरी परतायचो. रस्ता बहुतेक जंगलाचाच. एकदा माझी चेन तुटली आणि पुढचे दोघे आपल्याच तंद्रीत थेट घरी पोचले. मी दोन तास अस्वलाच्या भीतीनं मोठमोठ्यानं पाढे म्हणत उभा. तेव्हा ठरलं, मागच्याची खबर पुढच्याला कळेल असं काहीतरी साधन हवं. निवडीचं काम मेंढेसरांकडे दिलं. संशयी माणूस पारखून घेईल, असा माझा भाबडा समज.

त्यांनी दोन महिने पारखलं. मोबाइलला जंगलात टॉवर नाही, आणि "जिथी हाय, तिथी कंपनीवाले ऐकून राह्यते." नागपूरला वॉकीटॉकी मिळते म्हटलं, तर ते हादरलेच. "मरता का सर? नाक्यावर पोलीस विचारन, कोनासंग बोलून राह्यले? अन् जंगलात दुसरे विचारन!" हे मात्र खोटं नव्हतं. मग हॉर्नचा संकेत ठरला. मागचा प्रत्येक ट्रक हॉर्न मारी आणि सर थांबत. एका फेरीत सतरा वेळा.

शेवटी त्यांनीच तोड काढली. आमच्या वाटेवर एक फाटा होता. नाल्याला पाणी असलं तर डांबरी सडक, नसलं तर जंगलातली वाट. पुढच्यानं ज्या रस्त्यानं जायचं, त्याच्या तोंडाशी पळसाची डहाळी ठेवायची आणि पुढे गाडी लावून थांबायचं.

"डहाळीले ना टॉवर लागत, ना तिच्यात झोल."

पहिल्याच शनिवारी ते पुढे गेले. माझं चाक पंक्चर झालं, कोवेसर माझ्यासाठी थांबले, तास गेला. फाट्यावर येऊन पाहतो, तर दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी डहाळ्यांचा ढीग! बाजाराहून परतणाऱ्या लोकांनी सरांची डहाळी पाहिली, इथं देव आहे असं समजले आणि जो तो आपल्या वाटेवर पाला वाहून गेला. कोवेसरांनीही उतरून हात जोडले आणि एक डहाळी ठेवली.

"तुम्ही कशाला?"

"आमच्यात रीतच हाय सर. वाटेवर पाला दिसला का आपनबी ठेवाचा."

"मग मेंढेसरांना आधी सांगायचं नाही?"

"त्याईनं मले विचारलं कुठी?"

अंदाजानं आम्ही डांबरी सडक धरली. पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलो, तिथं सर नव्हते. तासाभरानं परत फाट्यावर आलो, तर मेंढेसर तिथंच. शर्ट घामानं चिंब, गाडी आडवी पडलेली. आता आम्हा दोघांवर संशय घेतील, असं वाटलं. त्यांनी माझा दंड धरला तो सोडेचनात.

"दोनदा नाल्यापर्यंत जाऊन आलो," ते म्हणाले. "माहा लहाना भाऊ असाच मांगं होता. याच सडकेनं. मले वाटलं, येऊन राह्यला. घरी पोचलो, हातपाय धुतले, चहा पेलो. चहा पेलो सर मी, अन् तो इथी पडून होता."

त्यांच्यावर केलेल्या सगळ्या थट्टेची मला लाज वाटली.

दंड सोडून त्यांनी गाडी उचलली. "आता साधन-बिधन काही नाई. तुमी दोघं पुढं चाला. मी मांगं."

त्यानंतर सहा वर्षं तसंच चाललं. आम्ही डोळ्यांसमोर दिसत होतो, तेवढ्यावर ते खूश. आता सगळ्यांत मागे आपण, आपलं काही झालं तर कुणाला कळणार, हा संशय मात्र त्या माणसाला कधीच आला नाही. म्हणून दर वळणावर मी गाडी हळू करायचो आणि आरशात त्यांच्या डोक्याचा पांढरा दुपट्टा दिसला की मगच पुढे जायचो.