मोतीचं एकदा मार्गी लागलं की

आमचा पेणकर आपल्या कुत्र्याशी हिब्रूत बोलतो. कुत्रा पनवेलजवळच्या विचुंब्याचा. गटाराच्या कडेला सापडलेला, पिवळट, एक कान कायमचा मुडपलेला. पेणकर एक हात वर करून त्याला खड्या आवाजात “बो!” म्हणतो. बो म्हणजे ये. “आर्त्सा” म्हणजे आडवा हो. मोती ऐकून घेतो आणि जागचा हलत नाही.

पेणकर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, पिढ्यान् पिढ्या इथलाच. नवीन पनवेलला माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. बायको गेली, आणि मुलगी रीना तिकडे इस्रायलला संसार थाटून बसली. “पप्पा, एकटे राहू नका, इकडे या,” म्हणून ती कधीची मागे लागली आहे. कागदपत्रं झाली, तिकडे खोलीही तयार आहे. अडलंय ते मोतीपाशी.

“तिथे मराठी कोणाला कळणार रे?” पेणकर म्हणतो. “आणि विमानात पिंजऱ्यात बसायची सवय नको? मोतीचं एकदा मार्गी लागलं की निघालोच मी.” लग्नाच्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलतो.

या शिक्षणासाठी आम्हाला रविवारी समुद्रावर जावं लागतं. मोकळ्या हवेत कुत्रं लवकर शिकतं, असा पेणकरचा शोध आहे. शनिवारी त्याचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा तो गाडीत बसत नाही, म्हणून रविवार. निवृत्त झाल्यावर निदान रविवारी तरी लोळत पडू म्हटलं होतं, तेही नशिबात नाही. गाडी मुकादमची. हा आमचा तिसरा मित्र, आखातात उमेदीची वर्षं घालवून आता पनवेलात दुकान चालवणारा. पुढे पेणकर, त्याच्या मांडीवर मोती खिडकीतून तोंड काढून. मागे मी आणि विमानाचा तो निळा पिंजरा. पिंजरा रिकामा असतो आणि कोंबलेला मी असतो.

परवाही असेच किहीमला गेलो. वडखळला गाड्यांची रांग लागलेली, ऊन डोक्यावर, माझे गुडघे बोलायला लागलेले. पोहोचल्यावर सुरूच्या सावलीत चटई टाकली, शेजारी पिंजरा उतरवून ठेवला. मुकादमने घरून आणलेले खिमा पॅटीस काढले. पेणकरने हात वर करून शिकवणी सुरू केली. “बो! अरे, बो!” मोती कुर्ल्यांच्या बिळांकडे बघत बसला.

“पेणकर, इसको छोड. नाय जमणार त्याला,” मुकादम म्हणाला.

“बघितलंस ना? कसा निघू मी?” पेणकरने कपाळाला हात लावला.

जेवून आम्ही दोघं पाण्यावर पाय भिजवायला गेलो. पेणकर मोतीला घेऊन मागेच राहिला. वाळू तापलेली, म्हणून मी चपला आणायला परत फिरलो. झाडाआडून पेणकरचा आवाज आला, अगदी हळू. “बो.” मोती धावत गेला. “आर्त्सा.” मोती आडवा झाला. मग कोणी न सांगता उठला, पिंजऱ्यात शिरला आणि पंजांवर हनुवटी ठेवून पडला. पेणकरचे दोन्ही हात खाली होते. तो वर केलेला हात म्हणजे ‘थांब’ची खूण होती, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

पेणकरने मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

“कधीपासून येतंय त्याला?”

“पहिल्या महिन्यातच शिकला. हुशार आहे रे फार.” तो मोतीजवळ वाळूत बसला. “तिथे रीना कामावर जाणार, नातवंडं शाळेत. मी आणि हा दिवसभर खिडकीत. मला भीती वाटते, देसाई. इथे निदान रविवार तरी आहे.”

मी त्याच्या शेजारी टेकलो, तेवढ्यात मुकादम आला आणि रीनाचा व्हिडिओ कॉलही आला. पेणकरने घाईघाईने फोन माझ्या हातात दिला आणि मोतीच्या अंगावरची वाळू झटकायला लागला.

“देसाईकाका, खरं सांगा. मोती शिकला का? या वर्षी पप्पांचं तिकीट काढू ना?”

तिचा चेहरा आशेने भरलेला होता. पेणकर वर बघत नव्हता.

“नाही गं,” मी म्हणालो. “ढ आहे अगदी. अजून वर्षभर तरी लागेल.”

मुकादमने माझ्या खांद्यावरून तोंड पुढे केलं. “दोन वर्षं पकड, बेटी. बिलकुल नालायक कुत्ता है.” फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, “क्या देख रहा है? मला पहिल्यापासून मालूम हाय.”

परतताना वडखळला पुन्हा अडकलो. पिंजऱ्याचा कोपरा माझ्या बरगडीत रुतत होता. मग पेणकर मागे न वळता म्हणाला, “पुढच्या रविवारी नागावला जाऊ या? जागा बदलली की शिकेल कदाचित.”

“जाऊ,” मी म्हणालो आणि पिंजरा मांडीवर घेतला.