परिशिष्टरावांचा ठिपका

आपल्याइतका बिनमहत्त्वाचा माणूस कारखान्यात दुसरा नाही, याबद्दल परिशिष्टरावांना तिळमात्र शंका नव्हती. इतर बाबतींत त्यांच्याकडे शंकांशिवाय दुसरं काही नसे. दाराला कुलूप लावलं का ते बघायला ते अर्ध्या जिन्यावरून परत येत, आणि आपण नीट बघितलं का, या शंकेने पुन्हा वर जात. पण स्वतःच्या क्षुद्रपणाबद्दल मात्र ते ठाम होते. त्याच भरवशावर त्यांनी घरमालकाला जागा सोडत असल्याचं सांगून टाकलं.

त्याचं असं झालं. कारखाना पाण्याचे पंप बनवायचा, आणि पंपाच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका घालतात ती परिशिष्टराव लिहायचे. गिऱ्हाईक पंप बाहेर काढतं आणि पुस्तिकेसकट खोकं टाकून देतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते जीव ओतून लिहीत. हीच सवय त्यांच्या मेलमध्ये उतरली होती. कोणी साधं विचारलं, की नळी अर्धा इंच जाड घ्यायची का, तर उत्तरात आधी पार्श्वभूमी येई, मग दोन्ही बाजू, मग दोन्ही बाजूंविषयीच्या शंका, आणि खाली परिशिष्टं. नाव त्यावरूनच पडलं होतं. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत.

आता ते थकले होते. गुडघे थकले होते, डोळे थकले होते, आणि रोज सकाळी फाटकाशी तोच पहारेकरी तेच ओळखपत्र उलटंसुलटं करून बघायचा, त्याचाही थकवा आला होता. बायकोच्या बहिणीच्या गावी, नदीकाठी दोन खोल्या मिळत होत्या. तिथे जायचं, पुस्तकं उघडायची आणि जन्मात कोणाला काही समजावून सांगायचं नाही, असा बेत होता. अशात कारखान्याने जाहीर केलं, की ज्यांना मुदतीआधी निवृत्त व्हायचंय त्यांनी अर्ज करावेत. मात्र ज्यांच्यावाचून काम अडेल त्यांना सोडणार नाही. आणि कोणावाचून अडेल हे ठरवायला विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या.

बाई तरुण होत्या आणि भराभर बोलत. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवून सांगितलं, की नेता कोण हे माणसांना विचारण्यात अर्थ नाही, माणसं खुर्ची बघून उत्तर देतात. म्हणून हल्ली संगणकाला विचारतात. संगणक वर्षभराचे मेल चाळेल. आत काय लिहिलंय ते वाचणार नाही. कोणी कोणाला लिहिलं आणि त्यानंतर काय घडलं, एवढंच बघेल. खरा नेता त्यातून आपोआप वर येतो.

परिशिष्टराव त्या संध्याकाळी शीळ घालत घरी आले. यंत्राला आपला पत्तासुद्धा लागणार नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. नुकतीच निवृत्त झालेली. तिने चष्म्यावरून बघत विचारलं, की हे नक्की ना.

"अगं, मी नसलो तर कोणाचं काय अडतंय?" हे त्यांनी इतक्या अभिमानाने विचारलं, की दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरची भांडी बांधायला काढली. घरमालकाने नवा भाडेकरूही ठरवला.

निकालाच्या दिवशी पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि जेवढं वजन तेवढा तो मोठा. मधोमध कलिंगडाएवढा एक ठिपका बसला होता आणि बाकीचे त्याच्याभोवती चिलटांसारखे घोंगावत होते. मोठे साहेब स्वतःला ओळखून मंद हसले. बाईंनी मग साहेबांचा ठिपका दाखवला. तो कोपऱ्यात होता, मोहरीएवढा. कलिंगड परिशिष्टरावांचं निघालं.

बाईंनी उत्साहाने उलगडा केला. सगळ्यांच्या मेलनंतर वाद चालूच राहतो, साहेबांच्या मेलनंतर तर वाढतो. पण या गृहस्थांचा मेल आला, की सगळे गप्प. कारखान्यात यांचा शब्द अखेरचा.

सगळ्या माना वळल्या. परिशिष्टरावांना पाणी हवं होतं, पण मागायचं धैर्य होईना. त्यांनी केलेला निवृत्तीचा अर्ज त्याच दुपारी नामंजूर होऊन परत आला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. पहारेकरी ओळखपत्र न बघता उठून उभा राहू लागला. खरेदीवाले आणि विक्रीवाले यांचं वर्षानुवर्षांचं भांडण होतं. ते घेऊन दोघेही त्यांच्या टेबलाशी आले आणि तावातावाने बोलू लागले. परिशिष्टरावांना काय बोलावं ते सुचेना. ते नुसते एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याची दोघांना अशी काही धास्ती बसली, की त्यांनी तिथल्या तिथे समेट केला. बाईंनी टिपणात लिहिलं, 'ऐकून घेणारं नेतृत्व.'

अखेर परिशिष्टरावांनी ठरवलं, की चूक कुठे आहे ते शांतपणे पटवून द्यायचं. रविवारभर बसून त्यांनी मेल लिहिला. शांतता दोन प्रकारची असते. एक पटल्याची, दुसरी कंटाळ्याची. माझ्या मेलनंतर पसरते ती दुसरी, आणि संगणकाला यातला फरक कळत नाही. सोबत तीन परिशिष्टं. मेल सगळ्यांना गेला. कोणीही उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्याच्या मोजणीत कलिंगड पडद्याबाहेर जाऊ लागलं.

घरी सामान दारापर्यंत आलं होतं. गाद्या गुंडाळून झाल्या होत्या, आणि बायको रोज एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत होती. त्यामुळे त्यांनी असं काही केलं, जे त्यांनी एरवी प्राण गेला तरी केलं नसतं. ते लोकांच्या टेबलाशी जाऊ लागले. तुम्ही माझे मेल वाचत नाही, एवढं बाईंना सांगाल का, अशी विनवणी करू लागले.

पण आता कोण कबूल होतंय! अकौंटंटने छातीवर हात ठेवून सांगितलं, की शब्द न् शब्द वाचतो. मग शेवटच्या मेलमध्ये काय होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, की जे होतं ते अगदी योग्य होतं. स्टोअरवाल्यांनी तर काही मेल दोनदा वाचल्याचं सांगितलं. उभ्या आयुष्यात परिशिष्टरावांचं इतकं कौतुक झालं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

शेवटी ते आराखडे काढणाऱ्या बाईंकडे गेले. ही बाई तोंडाची फटकळ. साहेबांनाही सोडत नसे. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"काका, रागावणार नसाल तर सांगते. तुमच्या मेलसाठी मी वेगळा कप्पा केलाय. मेल आला की परस्पर तिकडे जातो."

"म्हणजे दिसतसुद्धा नाही?"

"नाही ना. या मजल्यावर सगळ्यांनी तसंच करून घेतलंय. तुमच्या शेजारच्यानेसुद्धा."

परिशिष्टरावांनी तिचे मनापासून आभार मानले. सुटकेचा पुरावा मिळाला होता; धावत जाऊन संशोधक बाईंना सांगायला हवं होतं. पण जिन्यात आल्यावर ते पायरीवर बसले आणि बराच वेळ बसून राहिले. वरून उतरणारे लोक अदबीने कडेकडेने जात होते.

संशोधक बाईंचा चेहरा पडला, पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी या वेळी मेल उघडला गेला का, तेही मोजलं. पडद्यावर कलिंगडाचं लिंबू झालं, लिंबाची मोहरी झाली, आणि मग तिथे काहीच राहिलं नाही. चूक काय होती ते सांगायला बाई मोठ्या साहेबांकडे गेल्या. आणि ती सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आली हे दाखवायला परिशिष्टरावांचा तो रविवारचा मेल छापून त्यांच्या पुढ्यात ठेवला. साहेब वाचेपर्यंत त्या समोरून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी परिशिष्टरावांना बोलावलं. टेबलावर अर्ज होता, त्यावर मंजुरीची सहीसुद्धा होती. साहेबांनी तो त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाले, की हा न्या, तुम्ही मोकळे आहात. फक्त जाताजाता एक विचारायचं होतं. ही मोजणी नव्याने नीट करायची तर सहा महिने लागतील. तुम्ही असाल तर बरं. पण आग्रह नाही.

परिशिष्टरावांनी अर्ज उचलला. घडी घातली. वरच्या खिशात ठेवला. नमस्कार करून ते दारापर्यंत गेले, आणि तिथे त्यांना राहवेना.

"परिशिष्टंसुद्धा वाचलीत?"

"दोन वाचली," साहेब म्हणाले. "तिसरं मला नीटसं कळलं नाही."

आजवर त्यांना असं कोणी म्हणालं नव्हतं. न कळायला आधी वाचावं लागतं. परिशिष्टराव परत आले, खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, की त्याची थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

घरी पोचायला उशीर झाला. बायको गुंडाळलेल्या गादीवर बसली होती. त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पार्श्वभूमी सांगितली, दोन्ही बाजू सांगितल्या. सहा महिन्यांचं शेवटी, जरा खालच्या आवाजात सांगितलं.

रागवायचंसुद्धा तिच्या जिवावर आलेलं दिसत होतं.

"अहो, एक तारखेला नवा भाडेकरू येतोय," ती म्हणाली. "आपण राहायचं कुठे? त्या तिसऱ्या परिशिष्टात?"