उषाकाकू नदी अधिकृत करतात
उषाकाकूंना खिडकीतून बर्फ पडताना दिसला तरी पटत नाही. "हवामान खात्यानं जाहीर केलंय का?" असं त्या विचारतात. केलं असेल तरच स्वेटर चढतो. सांगलीच्या सरकारी कचेरीत त्यांचं आयुष्य आवक-जावकात गेलं. शिक्का नसलेली गोष्ट, मग ती थंडी असो की कोणाचं प्रेम, त्यांच्या लेखी कच्चीच. काका गेल्यावर मुलगा निखिल त्यांना कॅनडात, वॉटर्लूला घेऊन आला आणि त्या माझ्या समोरच्या कॉन्डोत राहायला लागल्या.

एका उन्हाळ्यात मी त्यांना नदीवर फिरायला नेलं. शाळेतली पोरं, कॉलेजचे विद्यार्थी, एक म्हातारा, दोन कुत्री असा सगळा गाव पाण्यात डुंबत होता. काकू थबकल्या.

"इथं पोहणं अधिकृत आहे का रे?"

"काय माहीत. सगळेच पोहतात."

"मग पाणी कोण तपासतं?"

कोणीच तपासत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला सिटीच्या ऑफिसात फोन लावायला लावला. तिथून उत्तर आलं: परवानगी नाही, मनाईही नाही. झालं! काकूंना जेवण गोड लागेना.

"हे काय उत्तर झालं? पाऊस पडला की वरची गटारं ह्यात येतात. पोरांच्या पोटात काय जातंय, ते कोणीतरी बघायला नको? एकदा अधिकृत झालं, की तपासावंच लागेल त्यांना."

मग सह्यांची मोहीम निघाली. काकू बस स्टॉपवर उभ्या राहिल्या, देसी ग्रोसरीत कोथिंबीर निवडणाऱ्यांना गाठू लागल्या. हळदीकुंकवाला आधी सही, मग वाण. निखिल हात जोडायचा, "आई, प्लीज, लोक काय म्हणतील!" लोक काही म्हणत नव्हते, मुकाट्यानं सही करत होते. काकूंपुढे दुसरं काय करणार?

शेवटी सिटीच्या कौन्सिलसमोर बोलायची वेळ आली. काकू ठेवणीतली इरकल नेसून गेल्या. एका सदस्यानं हसत विचारलं, की सध्या तिथं किती लोक पोहतात?

"ऑफिशियली, नोबडी," काकू म्हणाल्या. "अनऑफिशियली, होल टाऊन. युवर सन ऑल्सो."

सभागृह हसलं. सदस्याचा चेहरा पडला. मुलगा खरंच पोहत असावा. ठराव झाला, सध्या एका उन्हाळ्यापुरता. सिटी दर आठवड्याला पाणी तपासणार आणि काठावर पाटी लावून निकाल सांगणार.

पहिला निकाल चांगला आला, त्या रविवारी आम्ही सगळे नदीवर गेलो. लोकांनी काकूंसाठी टाळ्या वाजवल्या आणि धडाधड पाण्यात उड्या मारल्या. काकू खडकावर बसून राहिल्या. बघता बघता त्यांच्याभोवती टॉवेल, चपला, मोबाइल, गाडीच्या किल्ल्या यांचा ढीग जमला.

"काकू, तुम्ही उतरा की आता!"

"मला कुठं येतं पोहायला?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"आमच्याकडं कृष्णेवर भाऊ पोहायचे. आई म्हणायची, तू कपडे सांभाळ. लग्नानंतर ह्यांचे सांभाळले, मग निखिलचे." कोणाचा तरी भिजलेला टॉवेल त्यांनी नीट घडी करून ठेवला. "पाणी कसं लागतं, ते काठावरून कळत नाही रे."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि तो सगळा ढीग माझ्याकडे ओढून घेतला.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग इकडंतिकडं. चष्मा काढून माझ्या हातात दिला. साडीचा ओचा खोचला. निखिल कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. आई येताना दिसली, तसा तो पुढं आला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर काकू थांबल्या. मग त्यांनी लहान मुलीसारखी किंकाळी फोडली,

"अगं आई गं! किती गार आहे!"

आणि आणखी एक पाऊल पुढं टाकलं.