खंदारे सरांची रेष

खंदारे सर बँकेत अनवाणी जातात. चपला बाहेर, जिन्याखाली. पहिल्या दिवशी रखवालदाराने कारण विचारलं, तर सर त्याच्यावरच उखडले. "मैदानात पायताण घालून कोन येते रे? अन् मलेच काहून विचारून राहिला?"

बँक आहे तिथं पूर्वी खो-खोचं मैदान होतं. हिंगोलीचं जुनं स्टेडियम पाडून हे संकुल उभं राहिलं. खाली दुकानं, बँक, दवाखाने, वर फ्लॅट. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीचा सचिव आहे, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या हक्काने खातो. सर माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर शाळेत खेळ शिकवले, सामन्यांत पंच म्हणून उभे राहिले, आणि त्यांच्या लेखी स्टेडियम अजून पडलेलंच नाही. कुणी मेडिकल विचारलं की सांगतात, "पूर्वेच्या खांबापाशी." माणूस खांब शोधत फिरतो. सोसायटीच्या सभेत दोघं एकदम बोलले की सर शिट्टी वाजवतात. एकदा माझ्यावरच वाजवली आणि मी चक्क खाली बसलो. त्यांचाच विद्यार्थी ना मी.

खरं सांगायचं तर त्या मैदानाची आठवण मलाही येते. जवळा बाजार, पुसेगाव, कुरुंद्याची पोरं टेम्पोतून गात यायची. भिंतीवर बसायला जागा मिळायची नाही. सामन्याच्या दिवशी सर पहाटेच एकटे येऊन चुन्याच्या फक्कीने रेषा आखायचे. "रेष बराबर पाह्यजे. बाकी मी पाहतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता त्या मैदानातली फक्त एक पट्टी मोकळी उरली आहे, दोन इमारतींच्या मध्ये. तिथं सर दर रविवारी एक रेष आखतात. ती फक्की लोकांच्या पायांनी जिन्यात येते आणि तक्रारी माझ्याकडे. शेवटी सभेत ठरलं की पट्टीवर फरशी घालून दुचाक्या लावायच्या. सर त्या दिवशी सभेला नव्हते, म्हणून हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सर शांतपणे म्हणाले, "सुनंदा दिवाळीला येते. तवर थांब."

सुनंदाताई त्यांची एकुलती लेक, नाशिकला असतात. फरशीशी ताईंचा काय संबंध, ते मला कळेना.

"फायनल होती," सर म्हणाले. "शेवटचं मिनिट. आपली सुनंदा एकलीच पळून राहिली होती. दोन्ही पाय रेषेबाहेर गेले म्हून म्या तिले बाद दिलं. आपण हारलो. पर रेष तिथं पुसल्या गेली होती. मले धड दिसलंच न्हाई. लेक हाय म्हून सोडलं, असं लोकं म्हनतील, त्या भेवानं दिलं. त्याच्यानंतर पोरगी खेळलीच न्हाई."

"मग फोन करून सांगा ना तिला!"

"पंचाचा निकाल मैदानाबाहेर बदलत न्हाई. मैदानातच सांगावं लागते."

आणि मैदान म्हणजे आता एवढी पट्टीच. मी फरशीवाल्याला थोपवलं. सभासद माझ्यावर तुटून पडले, ते मी ऐकून घेतलं.

दिवाळीला ताई आल्या. सकाळी सरांनी रेष आखली, मला साक्षीला बोलावलं आणि लेकीला रेषेपाशी उभं केलं. आवाज पंचाचा होता. "त्या दिवशीचा निकाल चुकला. खेळाडू नाबाद."

ताई गोंधळून बघत राहिल्या. मग हसल्या.

"बाबा, बाहेरच होते की मी. दोन्ही पाय. तुमी बराबर दिलं होतं."

"मंग खेळ काहून सोडला?"

ताईंचं हसू थांबलं. "आई आजारी होती ना. घरी कोनी तरी पाह्यजे होतं. तुमी सदा इथंच."

 सर त्या मातीतच खाली बसले. ताईही शेजारी टेकल्या.

"मले हाक मारायची का ती?" सरांनी विचारलं.

"रोज," ताई म्हणाल्या.

मला तिथं उभं राहवेना. मी जिना चढून घरी आलो.