चांदणीची येळवस

गाईच्या पोटात तेहेतीस कोटी देव राहतात, यावर रेणापूरच्या त्या गल्लीत दुमत नाही. त्याच पोटात थोडा कडबाही जावा लागतो, हा मुद्दा अद्याप विचाराधीन आहे.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या सणाला, प्रत्येकाला दहा शेतांतून जेवणाची बोलावणी असतात, त्यामुळे प्रत्येकाचं अन्न उरतं. ते टाकणं पाप, शिळं खाणं कंटाळवाणं आणि गाईला घालणं पुण्य. या तिढ्यावरचा तोडगा गुंडप्पांच्या गोठ्यात बांधलेला होता. चांदणी, संकरित, दुभती आणि पुढ्यात येईल ते खाणारी.

यंदाही गल्ली पातेली घेऊन लोटली. खीर, बाजरीच्या पिठाचे उंडे, भात, आंबील (ही पचनाला हलकी, असं आणणाऱ्यांचं मत). मोठ्या मनानं आलेल्यांना कोरडा कडबा दिसणं बरं नव्हे, म्हणून गुंडप्पांनी तो उचलून आत ठेवला.

सकाळी चांदणीचा रवंथ बंद, पोट टम्म, शेण पाण्यासारखं. गुंडप्पा डॉक्टरला आणायला धावले. वासरू होती तेव्हा बाटलीनं दूध पाजून वाढवलेली ती.

"काका, पीठ आन् गोड पोटात आंबून राहिलंय," जनावरांचे डॉक्टर अबुजर म्हणाले. "औषध दिलंय. आता निस्ता कडबा. दुसरं कायबी घातलं तर वाचायची न्हाई."

संध्याकाळी चांदणीनं कडब्याची दोन धाटं खाल्ली आणि रवंथ सुरू केला. गुंडप्पा ढसाढसा रडले. बातमी गल्लीत गेली आणि घात झाला. कारण ती बरी व्हावी म्हणून घराघरानं नवस बोलला होता, आणि गाईचा नवस गाईलाच पुरणपोळी घालून फिटतो.

पहिल्या आल्या शेजारच्या गौरम्मा. "नवसाची हाय, न्हाई म्हनू नगा. एका पोळीनं काय व्हतंय?"

"डाक्टर काय म्हनले, इसरलात का?" आतून गुंडप्पांच्या पत्नी कमलम्मा ओरडल्या.

"लोकाच्या तोंडावर दार कसं लावू गं?" गुंडप्पा म्हणाले, आणि बाजूला झाले. मागे रांग होती. प्रत्येकाची एकच पोळी होती.

पहाटे चांदणी गेली. गल्लीनं सखोल चौकशी केली. निष्कर्ष : दृष्ट लागली, शिवाय डॉक्टरचं औषध बाधलं. (पोळ्यांची चौकशी झाली नाही, त्या श्रद्धेच्या होत्या.)

आता त्या दावणीला चांदणीची कालवड आहे. गुंडप्पा राखणीला दारातच बसतात, पण दार अजून उघडंच असतं. तुमच्याकडेही कालची पोळी उरली असेल. टाकवत नाही, खाववतही नाही. या घेऊन. एका पोळीनं काय होतंय?