चंद्रीला चालणारा माणूस

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आवडाबाईंनी सरळ नकार दिला. डोंबिवलीच्या कडेला, तीन टॉवरांच्या मधोमध उरलेल्या त्यांच्या घरी एक म्हैस, दोन शेळ्या आणि नऊ कोंबड्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघायला भरवशाचं माणूस नव्हतं. डॉक्टरांनी महिनाभर शेण, धूर आणि वाकणं बंद सांगितलं होतं. आवडाबाईंच्या मते मग उरलं काय?

पण त्याच आठवड्यात त्यांनी अंगणातल्या पाण्याच्या काळ्या टाकीला ‘सरक गो बाय’ म्हणत पाच मिनिटं विनवलं, आणि टाकी सरकेना तेव्हा तिच्या पाठीवर थाप मारली. हे त्यांच्या मुलानं, नयननं, पाहिलं. नयन वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत परचेस मॅनेजर होता. योग्य वस्तू योग्य वेळी मिळवणं ही आपली खासियत आहे, अशी त्याची समजूत होती.

“आये, म्हस विकून टाकू आणि डोळे करून घेऊ,” तो म्हणाला.

“जमीन इकली, तला इकला. चंद्री नाय इकायची. मानूस आन, आता रिक्षात बसते.”

नयननं इंटरनेटवरून सुशांत नावाचे एक प्रमाणपत्रधारक गृहस्थ मिळवले. त्यांना पाच लॅब्रेडॉर सांभाळल्याचा अनुभव होता. त्यांनी चंद्रीला ‘सिट’ अशी आज्ञा केली. चंद्रीलाही कधी नव्हे ते कुणाचं तरी ऐकावंसं वाटलं. ती बसली. सुशांत यांचा एक बूट तिच्याखाली राहिला आणि दुसरा घालून ते कल्याणला परत गेले.

मग आला पंढरी. खडवलीचा, साठीचा, जन्म गुरांत गेलेला. कुणी सांगायच्या आत त्यानं शेण उचललं, शेळ्यांना पाला टाकला, कोंबड्या मोजून खुराड्यात घातल्या. आवडाबाईंनी त्याला दोन दिवस, मोतीबिंदूतून का होईना, निरखलं आणि पास केलं. त्या दोन दिवसांत धारा मात्र त्यांनी स्वतःच काढल्या, सवयीनं. मग त्या ठाण्याला संचिताकडे, म्हणजे मुलीकडे, गेल्या आणि डावा डोळा करून मोकळ्या झाल्या.

त्या संध्याकाळी चंद्रीनं पान्हा चोरला. पंढरीनं आंबोण ठेवलं, कास धुतली, पाठ खाजवली, तिच्याशी सासरच्या माणसासारखा अदबीनं बोलला. थेंब नाही. सकाळीही नाही. कास दगडासारखी झाली, तेव्हा नयननं ठाण्याला फोन लावला.

“माझा लुगडा नेसला का तो?” आवडाबाईंनी विचारलं.

“कोण? पंढरी?”

“बारा वर्सं ती लुगड्याला वलखते. हिरवा, दांडीवर हाय, धुवाचा नाय. आनि आयक, म्हस इकलीस तर पट्टी काढून चालत घरी येन.”

पंढरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “ढोरांचं समदं करीन, साहेब,” तो म्हणाला, “पन घरात तीन सुना हायेत माझ्या.” आणि त्यानं पिशवी उचलली.

नयननं रागारागानं कल्याणच्या तबेलेवाल्या उत्तमशेठना फोन करून म्हैस घेऊन जायला सांगितलं. आईला पट्टी सुटल्यावर सांगू, असा त्याचा बेत होता. शेठ म्हणाले, रविवारी येतो. रविवारला तीन दिवस होते आणि चंद्री अशी हंबरत होती की टॉवरमधून निरोप आला, कृपया हॉर्न बंद करा.

शेवटी त्याची बायको जागृती हिनं त्याला पँटवरूनच लुगडं नेसवलं.

“हसू नकोस,” नयन म्हणाला.

“हसत नाय मी. निऱ्या धर.”

चंद्रीनं लुगडं हुंगलं, उसासा टाकला आणि पान्हा सोडला. पहिल्या दिवशी नयननं पदर नाकापर्यंत ओढला होता. तिसऱ्या दिवशी अकराव्या मजल्यावरून कुणीतरी मोबाइल रोखला, तेव्हा त्यानं पदर मागे टाकून सरळ वर पाहिलं. “दूध पायजेल तर भांडं घेऊन खाली या,” एवढं सांगून तो पुन्हा कामाला लागला. मोबाइल आत गेला. पाच मिनिटांनी एक पातेलं खाली आलं.

रविवारी उत्तमशेठ आले तेव्हा नयन उन्हासाठी डोक्यावर पदर घेऊन पाठमोरा, उकिडवा बसलेला. शेठनी चंद्रीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. “मावशी, हिच्यात आता काय राहिलेलं नाय. मालक कुठायत?”

नयनच्या गुडघ्यांत फेसानं काठोकाठ भरलेली बादली होती आणि बोटांत तीन दिवसांची कळ. उठून उभं राहावं, तर लुगड्याची बातमी कल्याणपर्यंत जाणार. त्यानं मान वळवली नाही.

“मालक म्हस इकत नाय,” तो म्हणाला. आवाज हुबेहूब आईचा निघाला. काढावा लागला नाही. “आनि हात काढा तिच्यावरना.”

शेठनी हात काढला.

महिना भरल्यावर आवडाबाई आल्या त्या संचितानं दिलेला फुलाफुलांचा गाऊन आणि काळा चष्मा घालून. घरात न जाता अंगणातली बादली उचलून त्या थेट चंद्रीकडे गेल्या. चंद्रीनं गाऊन हुंगला, तोंड फिरवलं आणि बादलीला लाथ घातली. तेवढ्यात नयन हिरवं लुगडं सावरत बाहेर आला, खाली बसला, आणि धार बादलीत वाजू लागली.

आवडाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. नव्या डोळ्यानं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“दोन दिवसांत तुझी सवय होईल तिला परत,” नयन ओशाळून म्हणाला.

“निऱ्या उलट्या खोचल्यास,” त्या म्हणाल्या, आणि घराकडे वळून सुनेला हाक मारली, “जागृती, डाक्टरला फोन लाव गो. उजवा डोला पन करून टाकते. भरवशाचा मानूस गावलाय.”